आशाबाईच्या मागचा बांध

पोंभुर्ण्याचा फोटोग्राफर गुलाम रसूल आपल्या नव्या मिररलेस कॅमेऱ्याला लेकरासारखं जपे. वनहक्काच्या दाव्यासाठी, जमीन कसत असल्याचा पुरावा म्हणून, आशाबाईचा तिच्या शेतातला फोटो त्यानं त्याच कॅमेऱ्यानं काढला. चेहऱ्यावरची सुरकुती न् सुरकुती उतरली, मागचं सगळं धूसर झालं. त्याचंच त्याला केवढं कौतुक!

म्हातारी म्हणाली, "त्या लहान्या डब्बीनंबी एक काढ ना भाऊ. तिची सवय आहे मले."

हसत त्यानं खिशातला जुना कॅमेरा काढला.

महिन्याभरात आशाबाई गेली. दावा तिच्या लेकानं, लटारूनं, समितीपुढे नेला; गुलाम रसूलही सोबत गेला. मोठा फोटो पाहून समितीचा बाबू म्हणाला, "चेहरा मस्त आहे. पण शेत कुठी आहे?"

गुलाम रसूलची मान खाली गेली. लटारूनं गुपचूप लहान्या कॅमेऱ्याचा फोटो सरकवला. त्यात चेहरा काळपट होता, पण मागं दगडी बांध, विहीर, मोहाचं झाड, सगळं स्पष्ट.

"हा बांध माह्या आज्यानं रचला," लटारू बोलला. बाबूनं फोटो दाव्याला जोडला.

बाहेर येताच गुलाम रसूल स्वतःवरच चिडला. "जिंदगीभर फोटो काढून राह्यलो, अन् शेतच दिसलं नाई मले!" त्यानं मोठा फोटो फाडायला घेतला.

लटारूनं त्याचा हात धरला. "काऊन फाडतं? तो मले दे. घरी माय पायजे ना."