सही केलेलं कार्ड

मी डावखुरी. दुबईत मनखूलच्या आमच्या बिल्डिंगमध्ये गणपतीची आरती झाली की कोणीतरी काकू हटकून म्हणायच्या, "प्रसाद उजव्या हातात घे गं." म्हणूनच असेल, बाबांच्या अमेरिकन साहेबांच्या व्हिलावर जेवायला गेलो असताना टीव्हीवर एक डावखुरा पिचर बेसबॉल फेकताना दिसला आणि मी ताट हातात घेऊन तिथेच उभी राहिले. घर सगळं क्रिकेटवेडं, आणि मी दुबईत बसून त्या पिचरचा फोटो छापलेली कार्डं जमवायला लागले.

बाबा जबल अलीला त्या साहेबांच्या हाताखाली अकाउंट्स बघायचे. ऑफिसातलं कोणी अमेरिकेला निघालं की बाबा माझी फर्माईश सांगायचे. साधी कार्डं मिळायची. मला ओढ होती ती मोजकीच छापलेल्या कार्डांची. दहावीला चांगले मार्क मिळाले तेव्हा बाबांनी त्याच्या सहीचं कार्ड मागवून दिलं. जाड पुठ्ठा, कोपऱ्यात सोनेरी नंबर, सगळ्या जगात अशी पन्नासच. निळ्या शाईतली सही शेवटच्या अक्षरावर जराशी फरफटलेली. "इतकं महाग?" आई म्हणाली. "असू दे," बाबा म्हणाले, "तिने कमावलंय."

साहेबांचा मुलगा माझ्याच वयाचा आणि त्याच पिचरचा भक्त. कार्ड पाहून तो म्हणाला, "आय विल ट्रेड यू एनीथिंग." मी सरळ नाही म्हटलं. बाबा शेजारी उभे राहून हसत होते.

मी बारावीत असताना कंपनीने माणसं कमी करायला घेतली. तिथे नोकरी गेली की व्हिसा जातो, व्हिसा गेला की घर, शाळा, सगळंच. बाबांना जेवण जाईना. एका शुक्रवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून एकटेच साहेबांकडे जाऊन आले. "काय म्हणाले?" आईने विचारलं. "इन्शाल्ला, बघतो म्हणाले." त्याच महिन्यात बाबांना काढलं.

माझी परीक्षा संपेपर्यंत व्हिसाची मुदत मिळाली; मग आम्ही निरोप घ्यायला त्या व्हिलावर गेलो. मुलाने दारातच माझा हात हातात घेतला. "थँक्स फॉर द कार्ड! युअर डॅड सेड यू'व्ह आउटग्रोन इट." मला काही कळेना; अभ्यासाच्या धांदलीत मी कार्डांचा डबा कित्येक दिवसांत उघडला नव्हता. मग त्याच्या खोलीतल्या शेल्फवर ते दिसलं, चांगल्या लाकडी फ्रेममध्ये. बाहेर साहेब बाबांच्या खांद्यावर हात टाकून काहीतरी गमतीचं सांगत होते आणि बाबा हसत होते.

घरी बाबा सामानाच्या खोक्यांना टेप लावत होते.

"इट वॉज माईन, बाबा."

"माहितीये."

"तुम्ही मला विचारलं का नाही?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"आणि मी मोठी झाले, मला ते नको, असं त्याला सांगितलंत?"

त्यांनी दातांनी टेप तोडली. "मग काय सांगू? नोकरीसाठी लाच देतोय म्हणू? नोकरी राहिली असती तर तूच म्हणाली असतीस, बरं केलंत."

"राहिली नाही ना पण."

त्यांनी पुढचं खोकं ओढलं. आईने आतून हाक मारली, "यल्ला, आवरा आता." आम्ही दोघंही आवरायला लागलो.

पुण्यात बाबांना लहानशी नोकरी मिळाली. उरलेली कार्डं मी डब्यात बांधून आणली होती. तो डबा मी रद्दीवाल्याला देत असताना बाबांनी पाहिलं आणि पेपर उघडला. साहेबांकडून दिवाळीला एकदाही फोन आला नाही. बाबा मात्र अजून त्यांना 'सज्जन माणूस' म्हणतात, आणि ते ऐकलं की मी उठून दुसऱ्या खोलीत जाते.

माझ्या लग्नात बाबांनी सगळ्यांदेखत माझ्या हातात पाटल्या चढवल्या. मी विचारलं, "या माझ्याच ना?" मंडपात मोठा हशा पिकला. नवऱ्याकडची माणसं म्हणाली, मुलगी गमतीशीर आहे. बाबांनी माझा हात सोडला आणि जेवणाची पानं मांडली का ते बघायला निघून गेले.