‘व्हय’चं बटण

तुम्हाला तोंडावर ‘नाही’ म्हणणारं एक तरी माणूस तुमच्याजवळ आहे का? नसेल तर तुम्ही गरीब आहात, असं आमचे दौंडचे मामा म्हणतात. नकारावर इतका जीव असलेला माणूस अख्ख्या पुणे जिल्ह्यात दुसरा नसेल. ते माझे सख्खे मामा नव्हेत; रेल्वे कॉलनीतल्या आम्हा सगळ्यांचेच मामा, सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले. शिरूर तालुक्यातल्या मांडवगण फराट्याचे आप्पा त्यांचे जन्माचे मित्र. दोघं मिळून विहारातर्फे पत्रकं काढायचे आणि ती वाटत वाटत मी मोठी झाले. नियम एकच होता: दोघांची संमती असल्याशिवाय एक ओळही छापायची नाही. मामा लिहायचे, आप्पा ‘न्हाई’ म्हणायचे. एकदा ‘जनतेनो, जागे व्हा’ एवढ्यावरून सकाळपासून जुंपली. आप्पा म्हणाले, ‘‘आरं, जनता जागीच हाय. झोपल्यात त्ये पुढारी!’’ शेवटी पत्रक निघालं ते ‘पुढाऱ्यांनो, जागे व्हा’ असं, आणि तालुक्यात तेच गाजलं.

निवृत्तीनंतर लोक गुडघ्यांच्या तक्रारी सांगतात. मामा प्रोग्रॅमिंग शिकले. लॅपटॉपवर डावीकडे कोड आणि उजवीकडच्या चौकटीत कोड लिहून देणारा एआय. त्याला ते ‘कार्यकर्ता’ म्हणत आणि अहो-जाहो करत. ‘‘पगार न्हाई, चहा न्हाई, तरी राबतोय. एवढा मान तरी नको?’’ रोज सकाळी आधी ‘जय भीम’ टाईप करायचं, मग काम. त्याला कालचं बोलणं आठवत नसे, म्हणून मामा रोज पहिल्यापासून सांगायचे: आपण कोण, आप्पा कोण, नियम काय. त्यानं लिहिलेली ओळ न् ओळ वाचायचे आणि ‘का?’ विचारायचे. मी म्हटलं, ‘‘मामा, चालतंय ना? मग घ्या की.’’ तर म्हणाले, ‘‘सिग्नल न बघता गाडी सोडली असती तर आज पेन्शन नसती, जेल असती.’’ तक्रार एकच. ‘‘कष्टाळू हाय, पण होयबा हाय गं.’’ मग त्यांनी त्याला लेखी बजावलं की माझ्याशी भांडत जा. तो भांडू लागला, मुद्देसूद भांडू लागला, तरी मामांचं समाधान होईना. ‘‘सकाळी सगळं इसरून जातो. आप्पाचा राग एका जयंतीपासनं दुसऱ्या जयंतीपतूर टिकायचा!’’

आणि आप्पांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. सगळ्या भाषेतून एकच शब्द तोंडात उरला, आणि तो कोणता हे सांगायला नको. तहान लागली तरी ‘न्हाई’, छातीत दुखलं तरी ‘न्हाई’. घरचे रडकुंडीला आले. मामांनी ठरवलं की पडद्यावर मोठी बटणं करायची; आप्पांनी डाव्या हाताचं बोट लावलं की लॅपटॉप बोलेल. कार्यकर्त्यानं झटपट बटण करून दिलं: ‘कृपया मला पाणी द्यावे.’ मामा कापडी पिशवीत लॅपटॉप घालून, उसाच्या ट्रॉल्यांमागं रखडत एसटीनं मांडवगणला गेले. मीही बरोबर होते. बटण दाबलं, स्टेशनवरच्या घोषणेसारखा आवाज आला, आणि आप्पा खाटेवरून कडाडले, ‘‘न्हाई!’’

मामांचा चेहरा असा उजळला! त्यांनी तिथंच टाईप केलं, ‘आमचा माणूस विनंती करत नाही, मागतो.’ समोरून उत्तर आलं, ‘मग शब्द त्यांनाच निवडू द्या. त्यांनी नाकारला, की मी काढतो.’ म्हणजे जुनाच नियम पुन्हा सुरू झाला. कार्यकर्ता लिहायचा, आप्पा ‘न्हाई’ म्हणायचे, मामा ‘रिजेक्ट’ दाबायचे. आप्पा गप्प राहिले तर मंजूर. घोषणेचा आवाज नामंजूर झाला, तेव्हा मामांनी स्वतःचाच भरला: ‘‘ए, पाणी आन!’’ आप्पा गप्प. त्यांची सून म्हणाली, ‘‘मामा, आता तुमी दौंडला बसूनबी आमच्यावर हुकूम सोडणार व्हय?’’ आप्पांचा डावा खांदा हसून हसून हलत होता.

पाणी, दुखतंय, खिडकी उघड, टीव्ही बंद कर, सगळं मंजूर झालं आणि लॅपटॉप आप्पांच्या खाटेशीच राहिला. एकच बटण अडलं: ‘व्हय’. दर खेपेला मामा ते पुढं करायचे. ‘‘लेका, जन्मात एकदा तरी व्हय म्हण!’’ ‘‘न्हाई!’’ या एका बटणापुरतं मामा ‘रिजेक्ट’ दाबत नसत. मग दोघं एकमेकांकडं बघत बसायचे, पत्रक छापून आल्यावर बसायचे तसे.

थंडीत आप्पा गेले.

लॅपटॉप मामांकडं परत आला. ‘व्हय’च्या बटणाच्या कोडच्या ओळी अजून पडद्यावर हिरव्या दिसतात, मंजुरीची वाट बघत. मामांनी ना ‘ॲक्सेप्ट’ दाबलं, ना ‘रिजेक्ट’. मी म्हटलं, ‘‘आता करून टाका ना मंजूर.’’ म्हणाले, ‘‘दोघांची संमती लागती.’’ एकदा माझ्यासमोरच त्यांनी कार्यकर्त्याला सांगितलं की आप्पांच्या जागी तुम्ही ‘न्हाई’ म्हणा. त्यानं लिहिलं, ‘न्हाई.’ मामा हळूच लॅपटॉपचं झाकण लावून म्हणाले, ‘‘सांगितल्यावर म्हणलेलं न्हाई, न्हाई नसतं गं.’’ तरी ते रोज सकाळी ‘जय भीम’ टाईप करतात आणि आप्पा कोण हे पहिल्यापासून सांगतात. त्याच्या विसरण्याची तक्रार आता करत नाहीत.

पत्रकांवर वाढलेली मी. आवाहन केल्याशिवाय माझं लिहिणं संपत नाही. मामा अजून पत्रकं लिहितात आणि रविवारी सकाळी आमच्या विहाराच्या वाचनालयात वाचून दाखवतात. दुःखातला माणूस म्हणून लोक माना डोलावतात, टाळ्या वाजवतात, आणि मामा दर टाळीला थोडे आणखी वाकतात. ही दया बंद झाली पाहिजे. तुम्ही या. पहिल्या रांगेत बसा. नीट ऐका, आणि एखादी ओळ मनापासून पटली नाही तर उठून उभे राहा आणि मोठ्यानं म्हणा, ‘‘न्हाई!’’