वन्संचं हसू

गुरुवार, ४ फेब्रुवारी. सकाळी साडेदहाला वन्सं आल्या. दोन बॅगा, एक इस्त्री. मागच्या खोलीतली गादी कालच झटकून ठेवली होती. स्वयंपाकघरातला नळ गळतो, प्लंबरला निरोप दिला. दुधाच्या दोन पिशव्या सांगितल्या.

वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची धाकटी बहीण. तेविसाव्या वर्षी त्यांनी एक नाचाचं गाणं म्हटलं. शब्द बेताचेच. स्टुडिओत दुसऱ्या कडव्यानंतर ड्रमवाल्याचं स्टूल मोडलं आणि तो झांजांसकट जमिनीवर बसला. वन्संना हसू फुटलं. वेळ संपत आली होती म्हणून कुणी ते काढलं नाही. गाणं गाजलं ते त्या हसण्यामुळेच.

पुढे ते किती जणांनी नव्याने म्हटलं, याची नोंद माझ्या वह्यांत आहे. कुणी संथ केलं, एका टूथपेस्टच्या जाहिरातीने अर्ध्यावर कापलं, गेल्या पावसाळ्यात एका एकोणीस वर्षांच्या मुलीने दुप्पट वेगाने म्हटलं. शब्दसुद्धा बदलले, पण हसणं प्रत्येकाने जागच्या जागी ठेवलं. आणि वन्सं एकतीस वर्षं एका हॉटेलच्या जेवणघरात रोज संध्याकाळी तेच गाऊन तसंच हसत होत्या. राहायला तिथलीच खोली, कपडे धुण्याच्या जागेमागची. खिडकी उघडली की समोर भिंत.

नोव्हेंबरात मॅनेजर त्यांना म्हणाला, "मॅडम, नव्या गाण्यात ती मुलगी मधला श्वास लवकर घेते. लोकांना आता तसंच ऐकायची सवय झालीय. तुम्हीही तसंच हसा."

दोन महिने त्या तसं हसल्या. मग मला फोन आला. "वहिनी, मला एकदा माझं हसायचंय. तुमच्याकडे येऊ का?"

मी रेडिओ कपाटात ठेवून दिला.

पहिले दोन दिवस त्या नुसत्या झोपल्या आणि मटार सोलत बसल्या. हसल्या मात्र नाहीत. शनिवारी प्लंबर आला. तो सिंकखाली आडवा, वन्सं त्याला बॅटरी धरून उभ्या.

"बाई, आवाज ओळखीचा वाटतो तुमचा."

"म्हाताऱ्या सगळ्या सारख्याच वाजतात."

"नाही हो, ते गाणं! माझ्या लग्नात सातदा लावलं होतं. एकदा हसा ना, बायकोला सांगेन."

"आधी त्या नळाचं रडणं थांबव," वन्सं म्हणाल्या.

त्याने पाना जोरात फिरवला, तो निसटला, आणि पाण्याची धार थेट त्याच्या तोंडावर. टोपी बादलीत पडली. तो तसाच फतकल मारून बसला. मला हसू आवरेना. वन्संही हसल्या. सुराच्या तीन पायऱ्या वर, मधे एक श्वास, शेवटचं एक खाली.

"अगदी तेच!" प्लंबरने ओल्या हातांनी टाळ्या वाजवल्या. वन्संचा हात तोंडावर गेला.

तो गेल्यावर मी फरशी पुसली आणि वन्संना त्यांच्या भावाची गोष्ट सांगितली. एकदा ते दोन पायांत दोन वेगळे बूट घालून ऑफिसात गेले आणि संध्याकाळी दुकानदाराशी भांडून आले, की त्याने जोडच चुकीचा दिला. वन्संना हे माहीत नव्हतं. त्या मनापासून हसल्या. तीन वर, श्वास, एक खाली.

"बघितलंत?" त्या म्हणाल्या. "श्वास लवकर घेतला मी. म्हणजे हे माझंही नाही. त्या मुलीचं आहे."

"अहो, सवय आहे ती. जाईल चार दिवसांत."

"आणि गेल्यावर खाली काय उरेल, वहिनी?"

रविवारी सकाळी त्यांनीच मॅनेजरला फोन करून परत येते म्हणून कळवलं. मी म्हटलं, "खोली तुमचीच आहे. थांबा ना."

"तिथे हसू ठरल्या वेळी येतं," बॅगेची चेन ओढत त्या म्हणाल्या. "इथे कधी येईल याचा धाक वाटतो. कालपासून तुम्ही बोलायला तोंड उघडलंत तरी मला भीती वाटते, काहीतरी गमतीचं सांगाल."

दारात मी गप्पच राहिले. त्यांनी माझा हात दाबला आणि रिक्षात बसल्या.

रविवार, ७ फेब्रुवारी. वन्सं चारला गेल्या. इस्त्री राहिली. नळ अजून गळतो. उद्यापासून दुधाची एकच पिशवी.