कोरड्या विहिरीचा अहवाल

सगळे तिला बाटलीबाई म्हणत. महिन्याच्या पहिल्या सोमवारी खांद्याला पिशवी अडकवून ती जस्ताच्या कारखान्याखालच्या गावातल्या नऊ विहिरींवर जायची, प्रत्येकीतून बाटलीभर पाणी काढायची आणि कारखान्याच्या प्रयोगशाळेत नेऊन द्यायची. बारा वर्षांत एक खाडा नाही. नवरा गेला तेव्हा प्रयोगशाळेतल्या केमिस्टनेच हे काम तिला मिळवून दिलं होतं. तो तिला ताई म्हणायचा, ती त्याला दादा. त्याचा शब्द म्हणजे तिला काळ्या दगडावरची रेघ.

जस्त गाळताना कॅडमियम नावाचा विषारी धातू निघतो. पूर्वी त्याला कुणी हिंग लावूनही विचारत नव्हतं. गाळाबरोबर तो टेकडीमागच्या तळ्यात जाई. मग सौर पॅनेलसाठी परदेशातून मागणी आली. हा धातू एकटा खणून निघत नाही, जस्ताच्या मागूनच येतो. त्यामुळे जगात देणारे मोजके आणि मागणारे ढीगभर. गाळातला धातू मिळवायला कारखान्याने जुनं तळंही उपसायला काढलं. गिऱ्हाइकांची अट एकच: आसपासचं पाणी स्वच्छ असल्याचा अहवाल दरमहा हवा. त्या अहवालावर बाटलीबाईची सही असे.

"पाणी कसं आहे गं?" बायका विचारायच्या.

"दादांनी तपासलंय. बिनघोर प्या," ती मान ताठ करून सांगायची.

धाकट्या जावेची हाडं दुखू लागली. एकदा नुसत्या खोकल्याने तिची बरगडी मोडली. डॉक्टरांनी विचारलं, पाणी कुठलं पिता? जाऊ तोंड उघडायच्या आत बाटलीबाईच म्हणाली, "पाण्यात काही नाही, डॉक्टर. मी स्वतः नेते ना तपासायला."

त्या उन्हाळ्यात चार नंबरची विहीर आटली. तिने रिकामी बाटली दिली, वर लिहिलं, 'कोरडी'. अहवाल सहीला आला तेव्हा सहज तिची नजर चारवर गेली. 'पाणी स्वच्छ. दोष नाही.'

ती कागद घेऊन केमिस्टकडे गेली.

"दादा, चारमध्ये थेंब नव्हता."

"टायपिंगची चूक असेल, ताई."

"मग बाकीच्या आठांचं काय?"

त्याने उठून दार लावलं. "सहा वर्षं झाली, तुमच्या बाटल्या मी उघडत नाही. शेवटच्या उघडल्या तेव्हा जे निघालं ते वर दाखवलं. वरून सांगितलं, हे लिहायचं नाही, माल अडेल. आठशे घरं चालतात इथे."

"आणि माझी सही कशाला लागायची?"

"गावातल्याच बाईची सही असली की गिऱ्हाईक शंका घेत नाही," तो हळूच म्हणाला.

"आमच्याकडे जेवायला यायचात," ती म्हणाली, "तेव्हा पोट नाजूक आहे म्हणून पाण्याची बाटली घरून आणायचात. एवढं कळत होतं, तर मला एक शब्द सांगता आला नाही?"

त्याने जाऊन दार उघडलं.

दुसऱ्या दिवशी आठ बाटल्या भरून ती बसने शहरातल्या सरकारी प्रयोगशाळेत गेली. तीन आठवड्यांनी कागद हातात पडला. पाच विहिरींत कॅडमियम होतं, मर्यादेच्या कितीतरी पट. तिने दोन्ही अहवाल विहिरीच्या काठावर उभं राहून सगळ्यांना वाचून दाखवले. स्वतःची सहीसुद्धा दाखवली.

मग अधिकारी आले, विहिरींना झाकणं ठोकली, टँकर सुरू झाला. तळ्याचं काम थांबलं. गिऱ्हाईक परदेशातल्या दुसऱ्या कारखान्याकडे वळलं. तिथल्या विहिरींवर कोण जातं, हे विचारायचं कुणाला, तिला कळेना. केमिस्टची बदली झाली. तो न भेटताच गेला.

तिने जावेजवळ बसून सगळं सांगितलं. "मला फसवलं गं त्याने," म्हणताना तिला रडू फुटलं.

जाऊ भिंतीकडे तोंड करून पडली होती. "तुम्हाला त्याने फसवलं, जाऊबाई," ती म्हणाली. "मी तर तुमच्या शब्दावर प्यायले."

बाटलीबाई आता रोज टँकरवरून जावेच्या दोन कळश्या भरून आणते. जाऊ पाणी पिते, पण तिच्याशी बोलत नाही.