डिस्कमधली सनई

किशोरचं नाव काढलं तरी माझं डोकं फिरतं. त्याच्याबद्दल चांगलं काही ऐकायचं असेल तर दुसऱ्या कुणाकडं जा.

माझे वडील कुशाबा, आम्ही त्यांना आबा म्हणतो. रिहे गावातले सनईवाले. दसऱ्याच्या पालखीपुढं सनई वाजवायचा मान आमच्या घराचा. पालखी मंडळाचा माणूस नारळ-विडा घेऊन दारात येणार, मगच आबा सनईला हात लावणार. खाण्यापिण्याचे चोचले नाहीत, कपड्यांचे नाहीत. पण विडा यायला उशीर झाला की अंगणात येरझाऱ्या सुरू.

मारुंजीच्या किशोरनं जमीन विकून घराच्या वरच्या मजल्यावर स्टुडिओ थाटला. गोड बोलून आबांना तिथं नेलं आणि एकेक सूर सुटा वाजवून घेतला. हळू, जोरात, लांबवून, तोडून. चहा पाजला, शाल दिली. ते सगळे तुकडे, त्याच्या भाषेत सॅम्पल, त्यानं एका हार्डडिस्कमध्ये भरले. डिस्क लॅपटॉपला लावायची, कीबोर्डची पट्टी दाबायची, की आबांची सनई हजर. आबा तर हरखलेच. "माजा सूर त्या डबीत हाय गं!" साऱ्या आळीला सांगत सुटले. मग लग्नांच्या सुपाऱ्या एकेक करून किशोरकडं गेल्या, आणि यंदा मंडळानं पालखीचा विडाही त्यालाच दिला. आबांनी सनई खुंटीला टांगली. मी मात्र बोलले, आणि गावाला ऐकू जाईल असं बोलले.

खंडेनवमीला किशोरच्या आईनं, गंगूबाईनं, कोयता-विळ्यांच्या शेजारी ती डिस्कही पूजेला मांडली. पोराचं हत्यार तेच, तिचं काय चुकलं? हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला, पाणी उडालं ते थेट डिस्कवर. दसऱ्यापर्यंत हत्यार हलवायचं नाही, म्हणून किशोरला तपासताही आलं नाही. दुसऱ्या दिवशी डिस्क पुसली आणि रिह्यात टेम्पोवरच लॅपटॉपला जोडली. पालखी उचलायची वेळ, कीबोर्डवर बोटं, आणि आवाज? छू! पडद्यावर नुसती पाटी: सॅम्पल सापडत नाहीत.

खरं सांगते, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. पण मी हिंजवडीच्या कंपनीत लोकांचे कॉम्प्युटरच दुरुस्त करते, हे त्याला ठाऊक. आला पळत.

"साधनाताई, जरा बघ की."

"मर तिकडं."

"अगं, पालखी खोळंबलीया!"

"मग आबांना विडा द्या. सनई घरातच हाय."

मंडळाचा अध्यक्ष दिग्विजय शेजारीच होता. त्यानं तोंड फिरवलं. एकाला दिलेला विडा दुसऱ्याला द्यायचा म्हणजे त्याचं नाक कापलं जाणार ना!

तेवढ्यात आबा पुढं आले. मला वाटलं, आता चार शिव्या हासडतील. तर म्हणाले, "साधना, दुरुस्त कर. माजं भांडाण ह्यांच्याशी हाय, देवाशी न्हाई."

मी लॅपटॉपपुढं बसले. जोडलेल्या प्रत्येक वस्तूला लॅपटॉप एक अक्षर देतो, तोच तिचा पत्ता. आरतीचा पेनड्राइव्ह आधी जोडल्यामुळं डिस्कचं अक्षर त्याला गेलं होतं, डिस्कला नवं मिळालं होतं, आणि सनई वाजवणारा प्रोग्रॅम बापडा जुन्याच पत्त्यावर सूर शोधत होता. पेनड्राइव्ह काढला, डिस्कला तिचं अक्षर परत दिलं. सूर भराभर आले. दोन तेवढे आले नाहीत, ते नारळाच्या पाण्यानं खाल्ले होते. किशोरनं ते चुकवत वाजवलं आणि पालखी निघाली. लोक त्याची पाठ थोपटत होते. आबा पार मागं, बायकांच्याही मागं चालले होते.

दुसऱ्या दिवशी मेला पेढे घेऊन दारात. "आबा, दोन सूर गेलेत. तेवढे परत वाजवून द्या की."

मी पायातली चप्पल काढली. आबा म्हणाले, "उद्या येतो."

तो गेल्यावर मी ओरडले, "काही लाज हाय का? मान खाल्ला त्यानं तुमचा!"

"व्हय, खाल्ला," आबा सनई फडक्यानं पुसत म्हणाले. "पर वाजवा म्हणाया दुसरं कोण आलंय गं माज्या दारात?"