अकरा कॅसेट आणि एकच नाव

गिरणगावातल्या भजनवाल्यांनो, आपल्या बुवांच्या चाली हरवतात आणि आपण काळाला दोष देतो. खरा दोषी मला आज लालबागला सापडला.

आमच्या भजनीबुवांचं उद्या वर्षश्राद्ध. त्यांनी बायकोसाठी बांधलेला गजर मंडळाने उद्या म्हणावा, ही त्यांच्या मुलीची, सुजाताची इच्छा. मी रेकॉर्ड केलेल्या त्यांच्या अकरा कॅसेट तिच्या घरी निघाल्या. प्रत्येकीवर माझ्याच अक्षरात एवढंच लिहिलेलं: ‘बुवा, गणपती’.

सुजाता व्हायोलिन शिकवते. तिच्या फळीवर एका परदेशी संगीतकाराच्या सगळ्या सिंफनी, म्हणजे वाद्यवृंदाच्या मोठ्या रचना, होत्या. प्रत्येकीला क्रमांक होता, अपुरी राहिलेलीलासुद्धा.

आमचा गजर कुठल्या कॅसेटवर, ते कळेना. मग बुवांना साथ करणाऱ्या पखवाजवाल्या तात्यांना बोलावलं. ते ब्याऐंशीचे आहेत. सातवी कॅसेट लागली आणि त्यांची बोटं मांडीवर चालू लागली.

“हीच ती चाल गो! माझ्याच खोलीत बांधली बुवांनी.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “आणि तू रे शहाण्या, सगळ्यांवर गणपतीच बसवलास?”

सुजाता डोळे पुसत हसली. मी मान खाली घालून पेन उघडलं.

ओळखणारे कान अजून आपल्यात आहेत. या रविवारी घरातली एक कॅसेट त्यांना ऐकवा आणि चाल कोणाची, कोणासाठी बांधलेली, ते तिच्यावर लिहा.