पत्रातला आंबा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, समितीतल्या एकालाही नाही. तुला का सांगतेय? कारण असं काहीच नाही. सांगावंसं वाटतंय, एवढंच.

शहाऐंशी साल असेल. मी मुलुंडला राहायचे, विम्याच्या कचेरीत नोकरी करायचे. निकाराग्वा नावाचा एक छोटासा देश, आणि तिथलं सरकार पाडायला अमेरिका बंडखोर टोळ्यांना बंदुका पुरवतेय — याचा मुलुंडमध्ये बसून आम्हाला त्रास का व्हावा? पण झाला. पंधरा-वीस जणांची समिती उभी राहिली. दर रविवारी सकाळी शाळेच्या एका वर्गात जमायचो, पोस्टर रंगवायचो, मग भाजीबाजारात उभं राहून लोकांना थांबवून थांबवून सांगायचो. काय मजेचे दिवस होते ते! शेवंताकाकू त्या देशाला ‘निकाराघव’ म्हणायच्या. काकू मालवणच्या. संपात नवऱ्याची गिरणी गेलेली, तरी तिकडच्या शाळेसाठी दारोदार फिरून सगळ्यांत जास्त वह्या त्यांनीच जमवल्या. ओळखीची एक डॉक्टरीण तिकडे मदतीला निघाली होती, तिच्याबरोबर वह्यांचं खोकं धाडलं.

चार महिन्यांनी तिथल्या शिक्षिकेचं पत्र आलं. दोन पानं — स्पॅनिशमध्ये.

आता कसं सांगू? मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की मी स्पॅनिश शिकतेय. शिकत होते का? चार रविवार दादरला एका बाईंकडे गेले, मग कंटाळून सोडून दिलं. सोडल्याचं मात्र कुणाला बोलले नाही. मला ते कौतुक आवडायचं — ‘आपली सुनंदा वाचेल’.

तर सगळ्यांसमोर पत्र माझ्या हातात आलं. त्यातले मला पाच-सहा शब्द कळले. शाळा, मुलं, युद्ध, आभार. बाकीचं मी रचलं. हो, तिथल्या तिथे, उभ्या उभ्या! मुलांनी वह्यांना कव्हरं घातलीत, एका मुलीने पहिल्या पानावर आपल्या समितीचं चित्र काढलंय, शिक्षिका विचारतेय की मुलुंडच्या बायका कोणती गाणी गातात. शेवंताकाकू पदराने डोळे पुसत हसत होत्या. म्हणाल्या, “परत वाच गो.” मी परत वाचलं — आणि दुसऱ्या वेळी आणखी सुंदर वाचलं.

तेव्हा गोरे उठले. पोस्टात कारकून होते, फार कमी बोलायचे. ते माझ्या शेजारी येऊन पत्राकडे बघत होते. हळूच बोट ठेवून म्हणाले, “इथे मँगो लिहिलंय ना? तुमच्या वाचण्यात आंबा कुठे आला नाही.”

खरंच लिहिलं होतं. मी काय करायला हवं होतं? मी हसले. म्हटलं, “गोरे, त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ वेगळा होतो. तुम्हाला भूक लागली वाटतं.” सगळा वर्ग खो खो हसला. गोरेही हसले, कानापर्यंत लाल झाले आणि जागेवर जाऊन बसले.

त्या दिवशी काकूंनी मालवणी गाणी म्हटली, आम्ही बाकं बाजूला सारून फेर धरला. इतका आनंद मी पुन्हा क्वचितच पाहिला. आणि लगेच वह्यांचं दुसरं खोकं भरलं.

पुढे मी स्पॅनिश खरंच शिकले, नेटाने, दोन वर्षं. मग एका दुपारी एकटीने ते पत्र काढलं. शिक्षिकेने लिहिलं होतं — टोळ्यांनी शाळा जाळली. मुलं वाचली. आता वर्ग आंब्याच्या झाडाखाली भरतो, पोरं कैऱ्या पाडतात आणि धडे विसरतात. वह्या पुरेशा आहेत, कृपा करून खडू पाठवा. तुमच्याकडे आंबा होतो का?

कळतंय ना तुला? मालवणच्या बाईला हे ऐकायला मिळायला हवं होतं. मी रचलेलं सगळं त्याच्यापुढे फिकं होतं. आणि खडू मागणाऱ्या शाळेला आम्ही पुन्हा वह्याच पाठवल्या होत्या.

तेव्हा तरी बोलले का? नाही. खडू मात्र पाठवायला लावले, ‘कुठूनसं कळलं’ असं सांगून.

गोरे समितीत येत राहिले. पोस्टर लावायचे, सतरंज्या घालायचे. बैठकीत परत कधी तोंड उघडलं नाही. त्यांची बदली रत्नागिरीला झाली तेव्हा निरोपाचं भाषण मीच केलं, छान केलं. नंतर ते मला बाजूला घेऊन म्हणाले, “त्या दिवशी मी उगाच मध्ये बोललो. तुमचा किती हिरमोड झाला असेल.”

मी म्हटलं, “जाऊ द्या हो, मी केव्हाच विसरले.”

त्यांनी हात जोडले. मीही जोडले.